गावात लघवीचे त्रास किती जणांना आहेत, हे मोजायचं कसं

आरोग्य केंद्राची ओपीडीची वही उघडून बघा. लघवीला आग होते म्हणून आलेली एखादी, मुतखड्याच्या कळांनी वाकलेला एखादा, लघवी तुंबली म्हणून रात्री गाडीत घालून आणलेला एखादा म्हातारा. खोकलताना लघवी निघून जाते म्हणून आलेली बाई मात्र महिनोन्‌महिने त्या वहीत सापडत नाही. जे दुखणं सोसवत नाही ते वहीपर्यंत येतं, जे सोसता येतं ते लुगड्याआड राहतं. म्हणून वहीवरून गावाचा आकडा काढू नये. घरोघरी जाऊन विचारावं लागतं, आणि विचारण्यात पाय इतक्या ठिकाणी घसरतो की त्याच गावात एकाला शंभरात सात सापडतील, दुसऱ्याला पंचवीस.

हे उगाच म्हटलेलं नाही. नॉर्वेत १९९०च्या दशकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत २७,९३६ स्त्रियांनी उत्तरं दिली. थोडीशी का होईना, लघवी गळते अशा २५ टक्के निघाल्या. जाच व्हावा इतकी गळते अशा फक्त ७ टक्के. बायका त्याच, कागद तोच, माप वेगळं.

विदर्भातला दाखला तर याहून बोलका आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या, आणि तपासल्यावर स्त्रीरोग किंवा गुप्तरोग निघाला ९२ टक्क्यांना. त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास लघवीचा नव्हता, पण ‘तक्रार नाही’ म्हणजे ‘त्रास नाही’ असं नसतं, हे त्यातून कायमचं शिकावं.

पुढची रीत उपकेंद्राच्या सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई, गावात काम करणारी संस्था किंवा मेडिकल कॉलेजची मुलं यांना जमेल अशी आहे. दीड-दोन हजार वस्तीचं गाव, विचारणाऱ्या दोघी, साधारण पंधरा दिवस.

आधी ठरवा, मोजायचं काय

‘लघवीचा त्रास’ या एका नावाखाली निदान पाच वेगळी दुखणी येतात आणि किती दिवसांमागचं विचारायचं ती मुदत सगळ्यांची सारखी नाही. ती एकाच प्रश्नात कोंबली की आकडा फुगतो आणि कशालाच उपयोगी पडत नाही. युरोपातले चार देश आणि कॅनडा मिळून १९,१६५ जणांची फोनवर पाहणी झाली होती (निकाल २००६ साली छापले). त्यात ‘एक तरी लक्षण आहे’ असे ६४.३ टक्के निघाले, कारण रात्री एकदा उठणंही त्यात लक्षण म्हणून धरलं होतं. तेच काटेकोरपणे, लघवीची अनावर घाई होणारे किती, असं पाहिलं तर ११.८ टक्के.

लघवी गळणं ‘मागच्या चार आठवड्यांत’ असं विचारायचं. त्यात दोन जाती. खोकला, शिंक, ओझं यांनी पोटावर जोर आला की निघणारी एक, आणि घाईची लागून पोचायच्या आत निघणारी दुसरी. दोन्ही असलेल्या बायका बऱ्याच भेटतात, म्हणून दोन वेगळे रकाने ठेवा. रात्री उठणंही चार आठवड्यांचंच. आग, वारंवार थेंब-थेंब लघवी आणि ओटीपोटात दुखणं हा जंतुसंसर्गाचा प्रकार येतो आणि आठवड्यात जातो. तो ‘आज आहे का’ विचारला तर जवळजवळ कोणीच सापडत नाही, म्हणून त्याला बारा महिन्यांची मुदत द्या. मुतखडा ‘आयुष्यात कधी’ असा विचारायचा, पण धरायचा मात्र सोनोग्राफीचा कागद दिसला किंवा खडा पडल्याचं नक्की सांगितलं तरच. आपल्याकडे कंबर धरली की लोक मुतखडा म्हणून मोकळे होतात. पुरुषांची धार बारीक होणं, अडखळणं हे चाळीशीपुढच्यांना विचारा.

पहिल्यांदाच करत असाल तर पाचही घेऊ नका. गळणं आणि रात्री उठणं एवढी दोनच घ्या. ती दोन नीट मोजली तरी पुष्कळ झालं.

यादी, आणि यादीतली माणसं

आशाताईच्या रजिस्टरमध्ये कुटुंबांची यादी असते. साधारण हजार वस्तीमागे एक आशा, म्हणजे दोन हजारांच्या गावात दोन रजिस्टरं. ती मतदारयादीशी ताडून घ्या. मतदारयादीत लग्न होऊन गेलेल्या मुली राहतात आणि नव्या सुना नसतात. रजिस्टरमध्ये बहुधा गावाबाहेरचा टोला, धरणग्रस्तांची वस्ती, वीटभट्टीवरची बिऱ्हाडं सुटलेली असतात. दोन्ही घेऊन एकदा गावात पायी फिरा.

किती जणींना विचारायचं याचा हिशेब सोपा आहे. त्रास शंभरात अंदाजे २० जणींना असेल आणि आपल्याला पाचाची चूक चालणार असेल, तर ४ गुणिले २० गुणिले ८०, भागिले ५ चा वर्ग. म्हणजे ६,४०० भागिले २५, उत्तर २५६. पण गावात वीस वर्षांपुढच्या बायकाच ६०० असतील तर इतक्या लागत नाहीत: २५६ भागिले (१ + २५६/६००), म्हणजे सुमारे १८०. न भेटणाऱ्या आणि नको म्हणणाऱ्या धरून २०० घ्या. ६०० नावांतून २०० म्हणजे दर तिसरं नाव. सुरुवात पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या नावापासून, हे चिठ्ठी टाकून ठरवा आणि एकदा ठरल्यावर मोडू नका.

अंदाज माहीतच नसेल तर २० च्या जागी ५० धरा. तोच हिशेब ४०० वर जातो. त्याहून जास्त कधी लागत नाही. एका गावाऐवजी तालुक्यातली आठ-दहा गावं घेऊन प्रत्येकातून थोडी-थोडी माणसं घेणार असाल तर मूळ संख्येची दुप्पट घ्या, कारण एका गावातली माणसं पाण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळ्यांत एकमेकांसारखी असतात.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो बदली बाई घेण्यात. यादीत नाव आहे सुनेचं, ती वेचणीला गेली, दारात सासू बसलेली. ‘हिलाच विचारून टाकू’ म्हणून फॉर्म भरला की संपलं. दुपारच्या वेळी गावात राहतात म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि आजारी. त्यांच्यात त्रास जास्तच असणार. एका नावासाठी निदान तीन खेपा घाला, त्यातली एक सकाळी साडेसातच्या आत किंवा सांजच्याला दिवे लागल्यावर. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊच नका. तरी भेटली नाही तर ‘भेटली नाही’ असा शेरा लिहून पुढे चला, तिच्या जागी कोणी नको.

महिना कोणता, हाही प्रश्न आहे. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग माघापर्यंत कापूस. गडचिरोली-गोंदियाकडे होळीच्या सुमाराला बायका पहाटेच मोह वेचायला जातात. एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन. सोयीचा महिना असा सापडत नाही. पण कोणता घेतला ते निकालावर ठळक लिहा. मे महिन्यात घाम जातो, लघवी घट्ट आणि पिवळी होते, ‘उन्हाळी लागली’ म्हणणारे वाढतात. थंडीत लघवीच्या खेपा वाढतात. मेचा आकडा डिसेंबरच्या आकड्याशेजारी मांडून ‘त्रास कमी झाला’ म्हणू नये.

प्रश्न कसा विचारायचा

‘लघवीचा काही त्रास आहे का?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठरलेलं आहे: ‘नाही जी.’ चार बाळंतपणं झाली, वय झालं, असं होतच असतं; त्याला त्रास म्हणायचं असतं हेच कोणी सांगितलेलं नसतं. प्रश्नात कृती घाला:

‘मागच्या पुनवेपासून आतापर्यंत, खोकला आला, शिंक आली, नाहीतर पाण्याचा गुंड उचलला, तं लघवी निघून जाते का जी?’

‘लघवी लागली का दम निघत नाही, असं होते का?’

‘न्हाणीत पोचाच्या आधीच निघून जाते का?’

हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि वेगळेच विचारायचे. शेवटचे दोन जोडून विचारले तर ‘हो’ कशाला म्हटलं ते कळत नाही. ‘मागचे चार आठवडे’ म्हणून कोणाला उमगत नाही. पुनव, अवस, पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी यांतली जवळची खूण पकडा. बोली जिथली तिथली ठेवा. अकोल्या-अमरावतीकडे वऱ्हाडी आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे झाडीबोली, दोन्हीकडे एकच कागद वाचून चालत नाही. गोंडी-माडिया गावात तीच भाषा बोलणारी बाई सोबत हवी. शब्द ठरले की यादीबाहेरच्या दहा जणींना विचारून बघा, आणि प्रत्येकीला ‘तुम्हाला काय समजलं?’ असं उलट विचारा.

‘पिशवी’ या शब्दापासून जपून. आपल्याला म्हणायची असते मूत्रपिशवी, बाईला ऐकू येते गर्भपिशवी. ‘पिशवीचा त्रास आहे का?’ म्हटलं की ‘पिशवी तं काढली’ असं उत्तर येतं आणि लघवी राहते बाजूला. शब्द टाळा. गर्भाशय काढलं आहे का, हे मात्र वेगळं विचारून लिहून ठेवा.

आगीचं तसंच. अंगावर पांढरं जाणाऱ्या बाईला लघवी बाहेरच्या सोललेल्या जागेला लागली की झोंबते. ती आग वरची. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात लघवी होत असतानाच आतून जळतं आणि झाल्यावरही परत लागल्यासारखं वाटतं. ‘आतून जळते का बाहेर झोंबते?’ एवढा एक जास्तीचा प्रश्न विचारला तर दोन्ही आकडे वेगळे राहतात.

रात्री उठण्यात आपल्या भागाची खास भानगड आहे. रब्बीत लाइन रात्रीची असते. शेतकरी मोटार सुरू करायला दोन वाजता उठतो, उठला म्हणून लघवीला जातो. कुठे नळ पहाटे येतो. ही उठबस धरायची नाही. लघवीनेच झोप मोडली तर एक खेप, आणि नंतर पुन्हा झोपायचं असलं पाहिजे. सकाळची पहिली लघवी यात येत नाही. प्रश्न असा: ‘झोप लागल्यावर फक्त लघवीसाठी किती खेपा जाग येते?’ उत्तर आकड्यात लिहा. शून्य, एक, दोन, जे असेल ते. एक खेप आणि दोन किंवा जास्त हे निकालात वेगळे दाखवा, कारण एका खेपेने सहसा कोणाचं बिघडत नाही.

गळतं म्हणणाऱ्या बाईला पुढची प्रश्नावली लावा. लघवी गळण्याचा त्रास गुणांत मोजणारी आयसीआयक्यूची छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. किती वेळा गळते याचे ० ते ५ गुण, किती गळते याचे ०, २, ४, ६, रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो याचे ० ते १०. बेरीज जास्तीत जास्त २१. कधी गळते हा चौथा प्रश्न आहे, त्याला गुण नाहीत. पुरुषांच्या धारेच्या त्रासासाठी आयपीएसएस ही प्रश्नावली आहे. त्यात सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ५, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. या दोन्हींचे शब्द मनाने बदलायचे नाहीत, परवानगीसह अधिकृत भाषांतर मिळवून तेच वापरायचं.

आयपीएसएस विचारताना गाडी अडते ती ‘निम्म्यापेक्षा कमी वेळा’, ‘पाचातून एकदापेक्षा कमी’ या पर्यायांपाशी. म्हाताऱ्यासमोर तुरीचे दहा दाणे ठेवा. ‘दहा खेपा लघवीला गेलात, त्यातल्या किती खेपा धार बारीक होती? तेवढे दाणे इकडे सरकवा.’ एकही नाही तर ०, एक दाणा १, दोन ते चार २, पाच ३, सहा ते आठ ४, नऊ-दहा ५. प्रश्न तोच राहतो, फक्त अपूर्णांक हातात येतो.

दारात आणि दाराच्या आत

बायकांना बाईनेच विचारावं, पुरुषांना पुरुषाने. आशाताई गावचीच सून असते. तिला सगळं गाव ओळखतं आणि नेमकी तीच अडचण होते, कारण ‘हिला सांगितलं म्हणजे उद्या विहिरीवर’. दोन गावांच्या आशाताईंची अदलाबदल केली तर बायका मोकळ्या होतात. ओळख करून द्यायला गावची आशाताई, विचारायला परगावची.

सासू उठत नसेल तर तिचाच फॉर्म आधी भरा, नंतर दुसरीने तिचा बीपी तपासायला ओसरीवर न्यावं. तोवर आत सून. तिसरं माणूस बसलेलं असताना भरलेल्या फॉर्मवर कोपऱ्यात खूण करून ठेवा. शेवटी अशा फॉर्ममधले ‘हो’ आणि एकटीच्या फॉर्ममधले ‘हो’ ताडून बघा. पुरुषांना पारावर, पानठेल्यावर विचारू नये. तिथे सगळ्यांची धार विशीतल्यासारखी असते.

सुरुवात पाण्यापासून करावी. दिवसात किती गिलास पिता, वावरात असताना लघवी लागली तर कुठे जाता, दाबून ठेवता का. उघड्या रानात आडोसा नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे त्या सहज सांगतात. त्यात लाज नाही. तिथून गळण्यापर्यंत यायला दोन मिनिटं लागतात. पहिलाच प्रश्न गळण्याचा केला तर फॉर्म तिथेच मिटतो.

नाव फॉर्मवर नको, फक्त क्रमांक. नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. आधार क्रमांक कशालाही लागत नाही, मागू नका. संमती आधी घ्यायची, नको म्हणण्याचा हक्क आहे हे सांगायचं. निकाल छापायचा असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नीतिसमितीची मान्यता कामाच्या आधी लागते. नंतर मिळत नाही. सेवाग्राम, नागपूर, यवतमाळ, अकोला इथल्या मेडिकल कॉलेजांतल्या सामुदायिक वैद्यक विभागाशी आधीच बोललेलं बरं.

तीन दिवसांच्या दाण्यांची नोंद

आठवणीत खेपा मोजता येत नाहीत. ‘लय वेळा’ म्हणजे सहा की सोळा? विचारलेल्यांपैकी वीस-पंचवीस जणींकडे तीन झाकणाच्या डब्या द्या. जागेपणी लघवीला गेलं की पहिल्या डबीत तुरीचा दाणा, झोपेतून उठून गेलं की दुसरीत, कपडे ओले झाले की तिसरीत हरभरा. तीन दिवस. झाकण हवंच, उघड्या वाटीतली नोंद कोंबड्या खातात.

लघवी मोजायलाही सांगितली तर फार चांगलं. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली कापून तिच्यावर ५० मिलिलिटरच्या रेघा मारून द्या. दिवसाकाठी दीडेक लिटरच्या आसपास होत असेल तर ठीक. तीन लिटरच्या वर जात असेल आणि बाई सारखी पाणी पीत असेल तर आधी साखर बघा. अशा लक्षणांसोबत केव्हाही घेतलेली रक्तातली साखर २०० मिलिग्रॅम किंवा वर निघाली तर तो मधुमेह आहे. तिला मूत्राशयाची रोगी म्हणून लिहून मोकळं होऊ नका, आधी तिच्यावर उपचार सुरू व्हायला हवेत. बीपीची लघवी वाढवणारी गोळी कोणी संध्याकाळी घेत असेल तर रात्रीच्या खेपांचं कारण तिथेच सापडतं; गोळीची वेळ बदलायचं डॉक्टरांना विचारावं, गोळी बंद करू नये.

आणि सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. विदर्भात हे विसरून चालणार नाही. सिकलसेल असलेल्यांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, वाहकांनाही कमी-अधिक तेच होतं. त्यामुळे लघवी जास्त होते, रात्री उठावं लागतं, मोठी झालेली मुलंही अंथरूण ओलं करतात. फॉर्ममध्ये सिकलसेलच्या तपासणीचा रकाना ठेवा. अशा माणसाला ‘संध्याकाळनंतर पाणी बंद करा’ असं कधीही सांगू नका, पाणी तुटलं की त्याला कळा येऊ शकतात.

पट्टीची तपासणी: केली तर नीट

लघवीत बुडवायच्या पट्टीवर नायट्राइट (काही जंतू लघवीत तयार करतात ते), पांढऱ्या पेशी असे रंग बघून आकडा काढायचा मोह होतो. त्रास नसलेल्या बाईची पट्टी रंगली म्हणून ती रोगी होत नाही. म्हाताऱ्या बायकांत त्रासाविना जंतू असणं नेहमीचंच आहे आणि त्यांना औषध लागत नाही. गरोदर बाई अपवाद, तिच्यात त्रास नसला तरी जंतू निघाले तर उपचार करतात. म्हणून पट्टीचा आकडा वेगळा, त्रासाचा वेगळा.

नमुना मधल्या धारेचा घ्या. लघवी मूत्राशयात चारेक तास राहिली तरच नायट्राइटची खूण भरवशाची, म्हणून सकाळची पहिली बरी. नमुना तासाभरात तपासा. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत दोन तास ठेवलेल्या बाटलीत जंतू वाढून बसतात आणि सगळं गाव रोगी निघतं. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच लावा; पावसाळी दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या आपोआप रंगतात. रंग घड्याळ लावून वाचा, नायट्राइट एका मिनिटाला, पांढऱ्या पेशी दोन मिनिटांना. पाळी चालू असेल तर रक्ताचा रकाना कोरा. क्षयाच्या गोळ्यांनी लघवी नारंगी होते, त्यालाही रक्त समजू नका.

हिशेब

रोज संध्याकाळी दोघींचे फॉर्म वेगवेगळे मोजा. एकीला शंभरात पाच आणि दुसरीला तीस सापडत असतील तर गावात फरक नाही, विचारण्यात आहे. दोघी एकत्र बसा, एकमेकींना मोठ्याने प्रश्न विचारून दाखवा. दर दहातला एक फॉर्म तिसऱ्या माणसाने पुन्हा जाऊन भरावा. कोरा राहिलेला रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे, तो कोराच मोजायचा.

आता टक्का. समजा (आकडे हिशेब कळण्यापुरते आहेत) २०० जणींत ४८ जणींना गळण्याचा त्रास निघाला. २४ टक्के. हाच आकडा लिहून थांबलात तर चुकलात, कारण कोण भेटलं ते बघायचं राहिलं. विशी-तिशीतल्या ६० भेटल्या, त्यातल्या ६ जणींना त्रास, १० टक्के. चाळिशी-पन्नाशीतल्या ७० पैकी १४, म्हणजे २० टक्के. साठीपुढच्या ७० पैकी २८, म्हणजे ४० टक्के. पण गावात या तीन गटांत बायका आहेत ३००, २०० आणि १००. त्या प्रमाणात मांडलं तर ३०, ४० आणि ४०, मिळून ६०० पैकी ११०. टक्का झाला १८. तरण्या बायका वावरात होत्या आणि म्हाताऱ्या घरी, एवढ्यानेच सहा टक्के वाढले होते.

त्या १८ लाही मागे-पुढे जागा लागते. २०० जणींच्या पाहणीत अशा आकड्याची चूक साधारण साडेपाचापर्यंत जाते, म्हणजे ‘१२ ते २४च्या मध्ये कुठेतरी’. वयोगटाचे टक्के तर याहून सैल. साठ जणींतल्या सहा जणींवरून शेजारच्या गावाशी पैज लावू नका. निकाल लिहिताना टक्क्यासोबत नेहमी चार गोष्टी लिहा: किती जणींपैकी, कोणत्या वयाच्या, किती मुदतीत, कोणत्या शब्दांत विचारलं. मुतखडा ‘आयुष्यात कधी’चा आणि गळणं ‘चार आठवड्यां’चं, हे एका तक्त्यात एकाखाली एक मांडून ‘मुतखडा जास्त’ असं वाचू नये.

सापडलेल्यांचं काय

विचारून निघून जायचं नाही. पहिल्या घरात पाऊल टाकायच्या आधी, कोणाला कुठे पाठवायचं हे ठरलेलं हवं.

त्याच दिवशी पाठवायचे: लघवी पूर्ण अडलेली आणि ओटीपोट तट्ट फुगलेलं, थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, गरोदर बाईला आग किंवा ताप. लवकरात लवकर: न दुखता लघवीतून रक्त गेलेलं, मग ते एकदाच का असेना. बिडी ओढणाऱ्या, पन्नाशीपुढच्या माणसात ते मूत्राशयाच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असू शकतं, आणि आपोआप थांबल्यामुळेच ते अंगावर काढलं जातं. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस, उठता-बसता सारखीच गळती असेल तर मूत्राशयाला भोक पडलेलं असू शकतं. ते शस्त्रक्रियेने बरं होतं, व्यायामाने नाही. अंग बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे.

बाकी बहुतेकींना गावातच काही देता येतं. ओझ्याने-खोकल्याने गळणाऱ्यांना खालच्या स्नायूंचा व्यायाम: लघवी मधेच अडवताना जे आवळतो तेच स्नायू आवळायचे, पोट-मांड्या ढिल्या, श्वास चालू. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, तीन महिने. लघवी करत असताना हा व्यायाम करायचा नाही. दोन आठवड्यांत फरक दिसत नाही म्हणून बहुतेक जणी सोडतात, तेव्हा आशाताईने महिन्यातून एकदा विचारत राहावं. घाईची गळती असेल तर लघवी लागल्यावर लगेच न धावता आधी पाच-दहा मिनिटं थांबायचं, हळूहळू वेळ वाढवायची. याला निदान सहा आठवडे. चहा कमी. पाणी मात्र कमी नाही, आपल्या उन्हात तर नाहीच.

शेवटी ग्रामसभेत आकडा सांगायचा तो गावाचा, वॉर्डाचा नाही. वीस घरांच्या वॉर्डात ‘दोघी’ म्हटलं की नावं सगळ्यांना कळतात. वावराकडे जाणाऱ्या पांदणीवर, बस थांब्यावर आणि बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, हे त्याच बैठकीत मांडा. पाणी न पिणाऱ्या जणींचा आकडा तुमच्या फॉर्ममध्ये आहेच.